जंगल बंद, रविवार मोकळा

पत्राचा सारांश: नागपुरातले एक वाचक, पन्नाशी ओलांडलेले, नोकरीतून ऐच्छिक निवृत्ती घेतलेले. काही वर्षांपासून ते तीस-चाळीस जणांचा गट घेऊन दर रविवारी पहाटे शहराबाहेरच्या जंगलात पायी फिरायला जातात. पक्षी बघायचे, झाडं ओळखायची, दहाच्या आत घरी. यंदा मार्च लागला आणि फाटकावर फलक लागला: वणव्याच्या हंगामामुळे 15 जूनपर्यंत पायी प्रवेश बंद. त्याच रस्त्याने सफारीच्या जिप्सी मात्र रोज आत जातात. गटात भडका उडालाय. कोणी म्हणतं, आम्ही बिडीही ओढत नाही, आम्हाला कशाला बंदी? सगळ्यांचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर आहे: आग गाववाले लावतात आणि शिक्षा शहरवाल्यांना. एकाने फाटकावरच्या वनरक्षकाचा फोटो काढून, खाली नाव लिहून, ‘मुजोर कर्मचारी’ म्हणून फेसबुकवर टाकलाय. पलीकडच्या गावातला एक ओळखीचा तरुण माणशी दोनशे रुपयांत मागच्या वाटेने आत न्यायला तयार आहे, आणि ज्या मित्रासोबत हा गट सुरू केला तो त्याला होकार देऊन बसलाय. वाचकांचं मन घेत नाही, पण मान तुकवल्यासारखंही वाटतं. ते विचारतात, “जंगलावर प्रेम करणाऱ्यांनाच बाहेर ठेवून जंगल वाचणार आहे का? मी काय करू? जाऊ, भांडू, की गप्प बसू?” शेवटी एक ओळ जोडली आहे: “बायको म्हणते, तुमचा राग जंगलाचा नाहीच.”

नमस्कार भाऊ,

तुमच्यासारखी आणखी पत्रं या महिन्यात आलीत. एक सायकलवाल्या पोरांचं, एक निवृत्त शिक्षिकेचं, एक कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या तरुणाचं. राग सगळ्यांचा सारखाच, फक्त पट्टी वेगळी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निकाल आधीच सांगून टाकते. मागच्या वाटेने जाऊ नका. भांडायचं असेल तर जरूर भांडा. आणि ‘गप्प बसू का’ हा तिसरा पर्याय तुम्ही कुठून काढलात ते मला कळलं नाही. बंदी पाळणारा माणूस गप्पच असतो, हे कोणी ठरवलं? फाटकाबाहेर उभं राहून फाटकाबद्दल हवे तेवढे प्रश्न विचारता येतात. चोरून आत गेलेल्याला मात्र तेच प्रश्न विचारायला तोंड उरत नाही.

आता तुमच्या बिडीच्या मुद्द्याकडे येऊ. “आम्ही बिडीही ओढत नाही.” खरं असेल. पण कोणीतरी आरोप केल्यासारखा हा बचाव आहे, आणि फलकावर तसा आरोप नाही. आपल्याकडच्या वणव्यांमागे बहुतेक वेळा माणूस असतो, हे खरंच. पण माणूस म्हणजे फक्त मुद्दाम काडी लावणारा नव्हे. तुमच्या तीस-चाळीस जणांच्या गाड्या तुम्ही उभ्या कुठे करता? अशा फाटकांजवळ सहसा वाहनतळ नसतो, म्हणजे रस्त्याकडेच्या गवतातच. तासभर पळून आलेल्या गाडीचा तापलेला सायलेन्सर वाळक्या गवताला टेकला तर तिथे बिडीची गरज उरत नाही. शिवाय नागपूरकर माणूस रविवारी दहा वाजेपर्यंत नाश्त्याशिवाय राहतो यावर माझा विश्वास नाही. तर्रीपोहे घरून डब्यात येतात, की कोणी झाडाखाली छोटा स्टो पेटवून चहा टाकतं, ते पत्रात नाही. ते तुमचं तुम्ही आठवून बघा.

समजा, गाड्या डांबरावर आहेत आणि चहा थर्मासमध्ये. तरी अर्धाच मुद्दा झाला. बंदी जशी आग लागू नये म्हणून असते, तशी आग लागली तर आत माणूस असू नये म्हणूनही असते. हा दुसरा भाग आपल्याकडच्या सगळ्या वादांमधून गळून जातो.

मार्चमधलं सागवन तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पानगळ झालेली, घोट्यापर्यंत पानं, पाय टाकला की पापडासारखी वाजणारी. आपल्याकडचा वणवा शेंड्याशेंड्यावरून उड्या मारत सहसा येत नाही. तो जमिनीवरून येतो, पुष्कळदा जेमतेम गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी, आणि ज्वाळांच्या आधी धूर येतो. सपाटीवर त्याला बगल देता येते. चढावर मात्र तो माणसापेक्षा वेगाने चढतो. वारा फिरला की तोंड फिरवतो. नाल्यात उतरलेल्याला धुरात आपण कुठून आलो तेच कळत नाही. विझल्यावरही पोकळ खोडं आतून धुमसत राहतात आणि एखाद्या दुपारी त्यातूनच पुन्हा आग सुटते. अशा वेळी तुमच्या गटातलं साठीपुढचं कोणी, नातवाला सोबत आणलेलं कोणी, यांना घेऊन तुम्ही किती वेगाने बाहेर पडाल?

11 मार्च 2018 ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात हे घडलं. तीसहून अधिक ट्रेकर वाळक्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडले. वीसहून अधिक जण गेले, काही जागेवर, काही नंतर रुग्णालयात, भाजल्याच्या जखमांनी. ती माणसं आग लावायला गेली नव्हती. सुटी साधून डोंगरात आलेली तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती. परवानगी होती का, कुठल्या वाटेची होती, हे प्रश्न नंतर निघाले आणि सरकारला चौकशी लावावी लागली. प्रत्यक्ष त्या उतारावर वाट परवानगीची होती की बिनपरवानगीची, याने आगीला काही फरक पडला नाही. पण एक फरक पडतो, तो शोधणाऱ्यांना. कोण आत आहे, किती आहेत, कुठल्या बाजूला आहेत, हे कुठल्या रजिस्टरमध्येच नसेल तर शोधायचं कोणी आणि कुठे? दोनशे रुपयांच्या वाटेला रजिस्टर नसतं.

वनरक्षकांचंही गणित बघा. एका बीटला, म्हणजे जंगलाच्या गस्तीच्या एका हद्दीला, एक वनरक्षक, जोडीला हंगामापुरते रोजंदारीवर घेतलेले फायर वॉचर. उपग्रहाने उष्णता टिपली की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर संदेश येतो. उपग्रहाचा चौकोन 375 मीटरचा असतो, म्हणजे संदेश ‘इथे कुठेतरी’ एवढंच सांगतो, पुढचं पायी शोधावं लागतं. मग पाठीवर ब्लोअर घेऊन पानं उडवायची, जमिनीचा उघडा पट्टा काढायचा, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही. ब्लोअर नसला तर हिरव्या फांद्यांनी झोडपत बसायचं, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत. या चार-सहा जणांतले दोघे तुमच्या गटाला शोधायला गेले तर आगीजवळ कोण राहणार? अमेरिकेत कॅलिफोर्नियातली सगळी 18 राष्ट्रीय वनं 31 ऑगस्ट 2021 पासून काही आठवडे लोकांसाठी बंद ठेवली होती. पर्यटक आत अडकू नयेत आणि विझवणाऱ्यांना विझवण्याचंच काम करता यावं, हे त्यामागचं उघड कारण होतं.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग जिप्सी?

इथे मी तुमच्या बाजूने आहे, निदान निम्मी. विभागाकडे उत्तरं आहेत आणि ती वाईट नाहीत. जिप्सी ठरलेल्या रस्त्यावरून जाते, फाटकावर नोंद होते, सोबत गाईड असतो, खाली उतरायला मनाई असते आणि धूर दिसला की गाडी वळवून बाहेर काढता येते. शिवाय गाईड, चालक, गावातले चहावाले यांचं वर्षाचं पोट उन्हाळ्यातल्या गर्दीवर असतं, कारण पावसाळ्यात सफारी जवळजवळ बंदच होते. हे सगळं ठीक. पण मग ते फलकावर का नाही? तीन ओळी जास्त लिहायला किती रंग लागतो? पैसे मोजणारा आत आणि पायी चालणारा बाहेर, असा अर्थ लोकांनी काढला तर दोष लोकांचा नाही. कारण न सांगता लादलेल्या नियमाचं कारण लोक स्वतः शोधतात आणि ते नेहमी सर्वात वाईटच निघतं.

हा राग आपल्यापुरता आहे असंही समजू नका. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताने 5 ऑगस्ट 2025 ला जंगलात फिरणं, तंबू ठोकणं, मासेमारीसाठी आत शिरणं, सगळं बंद केलं. दंड 25,000 डॉलर, म्हणजे आपले पंधरा लाखांच्या वर. तिथल्या लोकांनी काय म्हटलं असेल? अगदी तुमच्या गटात चाललंय तेच. एक बाजू म्हणाली, 2023 च्या मे महिन्यात हॅलिफॅक्सजवळ दीडशेच्या आसपास घरं वणव्यात गेली ते विसरलात का? दुसरी बाजू म्हणाली, चालणं हा गुन्हा कधीपासून झाला? तिथेही दुखरी नस हीच होती, की लाकूडतोडीच्या आणि खाणीच्या कंपन्यांना परवाना घेऊन काम करता येत होतं आणि कुत्र्याला फिरवायला निघालेला माणूस मात्र दंडाला पात्र. एक माजी सैनिक तर मुद्दाम अधिकाऱ्यांसमोर जंगलात शिरला, दंडाची पावती घेतली आणि तिला आव्हान द्यायला कोर्टात गेला. पाऊस झाल्यावर भागाभागाने बंदी उठत गेली. त्या सैनिकाशी मी सहमत नाही, पण त्याची पद्धत बघा. नाव सांगून, दिवसाढवळ्या, परिणाम स्वतःच्या अंगावर घेऊन. तुमच्या मित्राच्या योजनेत यातलं काहीच नाही. तिच्यात परिणाम दुसऱ्याच्याच अंगावर आहे.

तो दुसरा म्हणजे गावातला तरुण. उद्या धरले गेलात तर तुमचं काय होईल? समज मिळेल, फार तर दंड, आणि तुम्ही गाडी काढून नागपूरला याल. कायद्याने तुमच्यावरही गुन्हा होऊ शकतो, ते सोडाच. राखीव जंगलात बेकायदा शिरणं 1927 च्या भारतीय वन कायद्यात बसतं आणि अभयारण्य असेल तर 1972 चा वन्यजीव कायदा लागतो. पण त्या पोराला तिथेच राहायचंय. त्याला त्याच वनरक्षकासमोरून रोज जायचंय, सरपणासाठी, गुरांसाठी, कदाचित पुढच्या हंगामात फायर वॉचरच्या रोजंदारीसाठीसुद्धा. एकदा त्याच्या नावावर केस लागली की ती रोजंदारी गेली. दोनशे रुपये त्याला मोठे वाटतात म्हणून तो हो म्हणतो. तुम्हाला ते छोटे वाटतात, म्हणून नाही म्हणायची जबाबदारी तुमची.

आणि आता तुमच्या गटाचं एकमत: आग गाववाले लावतात.

हे अर्धसत्य आहे, आणि मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. मोह पहाटे गळतो. मार्च-एप्रिलचे काही आठवडे, रोज, झाडाखाली मऊ, पिवळसर, गोडूस वासाची फुलं पडतात आणि उन्हं चढायच्या आत ती वेचावी लागतात. खाली पानांचा थर असला की फूल दिसत नाही, म्हणून काही जण झाडाखालची पानं पेटवतात. जंगलात मोहाच्या बुंध्याभोवती राखेचं काळं रिंगण तुम्ही पाहिलंच असेल. ते रिंगण रिंगणातच राहिलं तर ठीक. एखाद्या दिवशी वारा सुटला की राहत नाही. ज्याच्या पानांच्या बिड्या वळतात त्या तेंदूला नवी कोवळी पालवी जोमाने फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते. बांधावरचा कचरा जाळताना ती शेतातून सटकते. कुठे वाघाच्या भीतीने, पुढचं दिसावं म्हणून, झाडोरा जाळतात. हे सगळं होतं आणि ते चूकच आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या टिटवीची, रातव्याची अंडी त्यात जातात, वीतभर वाढलेली सागा-मोहाची रोपं जातात. आज मोह वेचायला लावलेल्या आगीत पुढच्या पिढीचा मोह जळतो, हे गावातल्या म्हाताऱ्यांना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पण ‘शिक्षा शहरवाल्यांना’ हे तुम्ही कसं म्हणता? तुमचा गेला तो रविवारचा फेरफटका. फाटक बंद झाल्यावर मोह वेचणाऱ्या बाईचं जे जातं ते वर्षातले मोजके रोख पैसे: शाळेची फी, किराण्याची उधारी, लग्नातला आहेर. ती म्हणेल, “जंगल बंद म्हणते साहेब, पण मोहा तं आत्ताच पडते ना जी, आमच्यासाठी थांबते का थो?” तिच्या बाजूने कायदाही आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनांत राहणाऱ्या समाजांना मोहफुलांसारखं गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क दिला आहे. तो हक्क आग लावायचा नाही, पण आत जायचा नक्की आहे. म्हणून सरसकट ‘प्रवेश बंद’ लिहिणारा फलक तुमच्यापेक्षा तिच्यावर जास्त अन्याय करतो. गंमत अशी की 1927 च्याच कायद्यात कलम 79 आहे. ज्यांना जंगलात हक्क किंवा सवलती आहेत त्यांनी वणव्याची खबर देणं आणि तो विझवायला मदत करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुमच्या-माझ्यावर असं बंधन नाही. आपण जंगलावर फक्त प्रेम करतो.

आणि गावं ऐकत नाहीत असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता गोळा करणंच सोडलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. तेंदू म्हणजे हंगामातली सगळ्यात मोठी कमाई, तरी. त्यांनी बांबूवर भर दिला. फाटक स्वतःच्या हातात आलं तेव्हा त्यांनी स्वतःवरच बंदी घातली.

तेव्हा तुमच्या गटाला काही करायचंच असेल तर गावात जा. गावात जायला बंदी नाही. पानं जाळण्याऐवजी खराट्याने झाडून मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी पसरली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि स्वच्छ फुलांना बाजारात जास्त भाव मागता येतो. नेट किंवा ताडपत्री घ्यायला पैसे लागतात. चाळीस जणांची दोनशे-दोनशेची वर्गणी म्हणजे आठ हजार रुपये, आणि ती तुमच्या मित्राने जमवायला काढलीच आहे. फक्त तिथे जाऊन ‘तुम्ही आग लावू नका’ असं भाषण देऊ नका. आधी विचारा, लागतं काय.

फेसबुकवरचा तो फोटो आजच्या आज काढायला लावा. याबाबत चर्चा नको. वनरक्षकाने नियम केला नाही, तो फक्त फाटकावर उभा आहे. आणि शक्य झालं तर ज्याने टाकला त्याने स्वतः जाऊन त्याला सांगावं. नाहीतर हंगाम संपल्यावर तुम्ही त्याच फाटकातून त्याच माणसाला ‘काय भाऊ, बिबट दिसला का’ म्हणून कसं विचारणार आहात?

आता वहिनींचं वाक्य. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांनी ते रागाने म्हटलेलं नसावं. नोकरी सोडल्यावर माणसाकडून खुर्ची जाते, फोन यायचे थांबतात. मग हा गट आला. रविवारी तीस-चाळीस माणसं तुमच्या एका मेसेजवर पहाटे उठतात, कुठली वाट घ्यायची ते तुम्हाला विचारतात. फलक लागला त्या दिवशी जंगल फक्त साडेतीन महिन्यांसाठी गेलं, पण तुमची जागा मात्र गेल्यासारखी वाटली असेल. मी चुकत असेन. पण तसं असेल तर ती जागा जंगलावर अवलंबून ठेवायची गरज नाही.

उन्हाळ्यातले रविवार शहरातही काढता येतात. सेमिनरी हिल्स आहे, तेलंगखेडीचा परिसर आहे. पण मला विचाराल तर सिव्हिल लाइन्सची जुनी झाडं घ्या. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला महाराष्ट्रात 2021 पासून कायद्याने हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. यातल्या कितींच्या बुंध्याला गट्टूंनी आणि सिमेंटने गळफास लावलाय, एवढं जरी गटाने नोंदवलं तरी महिनाभर पुरेल. मे मध्ये बहावा फुलतो तेव्हा फोटोवाल्यांचीही सोय होईल.

मित्राशी गटासमोर वाद घालू नका. त्याला एकट्याला चहाला बोलवा आणि सांगा, की तू व्यक्ती म्हणून काय करायचं ते तुझं तू ठरव, पण गटाच्या नावाने, गटाच्या वर्गणीतून कोणी मागच्या वाटेने जाणार नाही. तो चिडेल. दोन रविवार येणार नाही. त्याला तेवढं चिडू द्या.

ज्यांना खरंच हात लावायचाय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी, सगळ्याच पत्रलेखकांना. धूर दिसला तर वन विभागाचा 1926 हा नि:शुल्क क्रमांक आहे; जवळचं गाव, मैलाचा दगड किंवा फोनवरचं लोकेशन सांगा आणि तिथून निघा. व्हिडिओ काढत थांबू नका. स्वतः विझवायला धावू नका, निदान प्रशिक्षणाशिवाय नाही; घाम शोषणारे म्हणून आपण जे चकचकीत टीशर्ट घालतो ते सिंथेटिक कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटतं. सायकलवाल्या पोरांनो, तुमचं पत्र फार गोड होतं, पण ‘आम्ही आग लागली तर लगेच सायकलवर पळू’ हे वाचून मला घाम फुटला. आणि फोटोवाल्या भाऊ, ड्रोनचा विचार पूर्णपणे सोडा.

राहिला भांडणाचा मुद्दा. अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावाने द्या, प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. राग पहिल्या परिच्छेदात संपवा, पुढे प्रश्न ठेवा. बंदीचा आदेश कुठला, कोणत्या तारखेचा, कोणत्या कक्षांपुरता? पायी बंद आणि वाहनाने सुरू, यामागचं कारण काय, आणि ते फलकावर कधी लिहिणार? वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो, तर या भागातली जाळरेषांची, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यांची, कामं त्याआधी पूर्ण झाली होती का? हा प्रश्न नक्की विचारा, कारण लोकांना बाहेर ठेवणं स्वस्त असतं आणि जाळरेषा काढणं महाग. मोह-तेंदूवाल्यांच्या हक्कांची काय सोय केली?

आणि एक मागणीही ठेवा: साडेतीन महिने सरसकट बंद ठेवण्याऐवजी दिवसागणिक निर्णय करता येईल का? फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर असंच चालतं. रोज संध्याकाळी प्रशासन दुसऱ्या दिवसाचा नकाशा जाहीर करतं, वारा आणि कोरडेपणा बघून कुठला डोंगर उघडा, कुठला बंद. आपल्याकडेही वन सर्वेक्षण वणव्याच्या धोक्याच्या पूर्वसूचना काढतं. अवकाळी पाऊस होऊन गेल्यावरचा रविवार आणि लू सुटलेला रविवार सारखाच का मोजायचा? मान्य होईल असं मी म्हणत नाही. मनुष्यबळ नाही, असं उत्तर येईल, आणि ते खोटं नसेल. पण हा प्रश्न विदर्भात अजून नीट विचारला गेलेला मला तरी दिसत नाही, आणि तुमच्याकडे तीस-चाळीस सह्या तयार आहेत.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज लावा. त्यात वरचे पहिले प्रश्नच ठेवा, मागणी नको; माहिती अधिकारात माहिती मिळते, आश्वासन मिळत नाही. आणि हे सगळं याच महिन्यात करा. मे मध्ये दिलेल्या अर्जाचं उत्तर येईपर्यंत पाऊस येतो, फाटक उघडतं आणि पुढच्या मार्चपर्यंत कोणालाच काही आठवत नाही. आवक-जावक खिडकीवर पोच मागून घ्या, शिक्क्यासकट. देत नाहीत म्हणाले तर तिथेच उभे राहा.